चौथ्यांदा पुकारायचं नाही

ते कुठलीही वस्तू एका हातानं घेत नसत. चहाचा कप असो, पेन असो की माझ्या दुकानातली झेरॉक्स, दोन्ही हात पुढे करायचे, वस्तू घ्यायची आणि क्षणभर छातीशी धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा फारच नम्र आहे. नंतर कळलं की नम्रतेचा काही संबंध नव्हता. तरुणपणी ते कोल्हापुरात गोलकीपर होते.

"एका हातानं टाटा करायचा," ते म्हणत. "घ्यायचं ते दोन हातांनी."

इंदापूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत ते कंट्रोलर होते. आलेल्या-गेलेल्या गाड्यांच्या वेळा लॉगशीटवर नोंदवायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे काम. माझ्या दुकानाची पहिली काही वर्षं त्यांच्या आवाजात गेली. तो आवाज घड्याळासारखा होता; बंद पडेपर्यंत तो आहे हे कळलं नाही. ते निवृत्त झाले त्या आठवड्यात माझ्या तीन कामांच्या वेळा चुकल्या.

सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचे. निवृत्तीनंतरही ते रोज स्टँडवर येत, बाकावर बसत आणि नव्या कंट्रोलरनं एखादी गाडी दोनदाच पुकारली तर मान हलवत. चहा "सोळा वीसला" प्यायचे. घरी जाताना "निघतो" म्हणायचे नाहीत, "सुटतो" म्हणायचे. "जरा वेळानं येतो" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. नऊ अठ्ठावन्न म्हणाले की नऊ अठ्ठावन्नला दारात.

मला अशी माणसं आवडतात. माझ्याकडे एक वही असते. तिच्यात रोजची कामं एकाखाली एक लिहिते, झालं की खूण. लोक हसतात. आबा हसले नाहीत. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, दोन पानं वाचली आणि म्हणाले, "हे तर लॉगशीट हाय की. चांगली हाय."

असेच एकदा सकाळी आले आणि काउंटरला टेकून उभे राहिले.

"ताई, माणसाचा आवाज स्टँडच्या बाहेर न्यायचा असंल तर काय करावं लागतं?"

"कुठपर्यंत न्यायचाय, आबा?"

"कोल्हापूर."

"मग फोन करा की."

"फोन एकाला जातो. आन् त्या एकाचा नंबर न्हाय माझ्याकडं. मला चारचौघांत बोलायचंय." मग जरा थांबून म्हणाले, "फुटबॉलवर."

चारचौघांत आणि फुटबॉलवर, एवढं मी ऐकलं आणि कामाला लागले. त्या एकाबद्दल विचारायला हवं होतं. ते माझ्या यादीत आलं नाही.

पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर केव्हाही ऐकता येणारा कार्यक्रम, हे मला माहीत होतं. सुरू कसा करतात ते माहीत नव्हतं. पण तालुक्यातल्या निम्म्या पोरांचे फॉर्म जिनं भरलेत तिला आणखी एक फॉर्म अवघड नव्हता. वहीत लिहिलं: खातं उघडणे, माईक, आतली खोली झाडणे, नाव, चित्र. रेकॉर्डिंगला आतली खोली पक्की केली, कारण चारही भिंतींना कागदाचे गठ्ठे लावलेले होते आणि आवाज घुमत नव्हता. वार रविवार, दुकान बंद असतं म्हणून. वेळ दहा.

नावावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, "‘आपला फुटबॉल’ ठेवू." ते म्हणाले, "चौकशी खिडकी."

"आबा, लोकांना वाटेल एसटीचं आहे."

"वाटू दे. नावावरनं कळाय पायजे की आत मानूस बसलाय."

नाव चौकशी खिडकीच राहिलं. आणि मी म्हटलं तेच झालं. पहिल्या भागाखाली पहिली प्रतिक्रिया आली: ‘अकलूज गाडी किती वाजता आहे?’ मी ती पुसणार होते. आबांनी पुसू दिली नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्यांनी अकलूजच्या दिवसभरातल्या गाड्या सांगितल्या आणि मग फुटबॉलकडे वळले. पुढं तसाच रिवाज पडला. पाच मिनिटं गाड्या, अर्धा तास फुटबॉल. काही लोक नुसत्या गाड्यांसाठी ऐकायचे आणि चुकून फुटबॉल ऐकून बसायचे. निमगाव केतकीच्या एका बाईंनी दुकानात येऊन मला विचारलं होतं, "ते ऑफसाइड म्हंजे नक्की काय वो? आबांनी सांगितलं पर तेवढ्यात आमची गाडी आली."

मॅच बघायला ते बारामतीला जात, किंवा वाटेवरच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर. घरी येऊन लिहून काढणं वगैरे काही नाही. मी दर रविवारी मुद्द्यांचा कागद देत असे. तो दोन्ही हातांनी घेत, छातीशी धरत, खिशात ठेवत आणि तोंडाला येईल ते बोलत. तोंडाला स्टँडच यायचं.

"श्रोत्यांनी लक्ष द्यावे. डाव्या बाजूने सुटलेला चेंडू, मार्गे मधली फळी, गोलच्या दिशेने रवाना होत आहे. बारामतीचा फॉरवर्ड विनाथांबा, विनावाहक... विनाथांबा... आणि गाडी रद्द. गाडी रद्द करण्यात आलेली आहे. बॉल लिंबाच्या झाडात."

मी खोलीत बसत नसे. "मानूस म्होरं बसला की मी त्याच्याशी बोलतो, माईकशी न्हाय," हे त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. रेकॉर्डिंग सुरू करायचं, दार ओढून घ्यायचं, बाहेर बसून आठवड्याचा कागद मोजायचा. त्यांनी हाक मारली की आत जाऊन बंद करायचं. दुपारी मी भाग नीट करून चढवायचे. पहिल्या भागात "आपला प्रवास सुखाचा होवो" या शेवटच्या वाक्यानंतर खुर्ची करकरली, खोकला आला आणि "चप्पल कुठं गेली" एवढंच होतं. तेव्हा मी वहीत कायमचा नियम लिहिला: ‘प्रवास सुखाचा होवो’नंतरचं कापणे.

माझा कुठलाही नियम मी इतका काटेकोर पाळला नसेल. ते वाक्य आलं की पुढचं न ऐकता उडवायचं.

भाग चढला की संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "गेलं का?"

"गेलं."

पुढच्या रविवारी आल्या आल्या पहिला प्रश्न. "कोल्हापूरहून काही आलं का?"

"नाही, आबा."

"बरं." टोपी काढून गठ्ठ्यावर ठेवायचे आणि माईकसमोर बसायचे. मला वाटायचं, आपल्या गावचे लोक ऐकतात का, एवढीच हौस असेल.

ते स्वतःचा एकही भाग ऐकत नसत. मी आग्रह केला तर म्हणाले, "पुकारनारा स्वतःचं पुकारनं ऐकत बसला तर गाड्या कोण सोडनार?"

एकदा ते मलाही लासुर्ण्याला घेऊन गेले. शाळकरी मुलींची मॅच होती. वाटेत शेळगावच्या थांब्यावर गाडी चार मिनिटं उशिरा सुटली, ते त्यांनी घड्याळ बघून कंडक्टरला ऐकवलं. मैदानावर ते बरोबर गोलच्या मागे जाऊन उभे राहिले. गोलमध्ये एक बारकी मुलगी होती. चपळ होती, पण तोंडातून शब्द नाही. चेंडू आला की तिच्याच बाजूच्या मुली तिच्यावर आदळायच्या.

"आवाज दे!" आबा ओरडले. "पोरी, आवाज दे! ‘सोड’ म्हन! तुज्या मानसांना कळाय नको का तू येतीयास ते?"

मुलगी घाबरली. त्यांचे सर धावत आले. "आबा, हे स्टँड न्हाय. जरा गप ऱ्हावा."

"मी गप ऱ्हातो. पर तिला बोलाय शिकवा. गोलकीपरचं पहिलं काम हात न्हाय, गळा."

परतीच्या गाडीत शेळगावचा थांबा आला तरी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. एवढं मनाला लावून घेण्यासारखं सर काहीच बोलले नव्हते, म्हणून मला नवल वाटलं.

त्यांच्या नोकरीतला एक भाग मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि तो सांगताना आवाज बदलायचा. स्टँडवर चुकामूक झालेल्या माणसांना पुकारणं. त्याचे त्यांचे नियम होते. ‘हरवले आहेत’ असं कधी म्हणायचं नाही. नाव, गाव, चौकशी खिडकीजवळ यावे, आपली वाट पाहत आहेत. बस.

"कोण वाट पाहत आहेत ते नाही सांगायचं?" मी विचारलं होतं.

"न्हाय. ज्याचं त्याला ठाऊक असतं. आन् तीनदाच पुकारायचं. चौथ्यांदा पुकारलं की सगळ्या स्टँडला वाटतं, कायतरी वंगाळ झालं. तिसऱ्यांदा पुकारलं की दीड मिनिट थांबायचं, माईक चालू ठेवून. कुठल्याबी कोपऱ्यातनं, म्हातारं मानूस असलं तरी, दीड मिनिटात खिडकीशी पोचतंय."

"आणि नाही पोचलं तर?"

"मग माईक बंद करायचा. दुसरी गाडी असती की पुकारायला."

अठरा भाग झाले आणि लॅपटॉप भरला. जुनी मूळ रेकॉर्डिंग्ज पुसायची होती. माझा आणखी एक नियम आहे, पुसण्याआधी एकदा बघणे. पहिलं उघडलं, शेवटाला गेले. खुर्ची, खोकला, चप्पल. दुसरं उघडलं. ‘प्रवास सुखाचा होवो.’ खुर्ची करकरली नाही. थोडा वेळ गेला आणि त्यांचा स्टँडवरचा आवाज आला. त्यांनी आपल्या जुन्या पेठेचं नाव घेतलं, एका माणसाचं नाव घेतलं, आणि म्हणाले:

"...जर्सी नंबर चार, बॅक, यांनी जिथं असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपली वाट पाहत आहेत. त्या दिवशी आवाज दिला नव्हता. सर्वांनी नोंद घ्यावी. आवाज दिला नव्हता."

तिसरं उघडलं. तेच. चौथं, सातवं, बारावं, अठरावं. शब्दही तेच. फक्त अठराव्यापर्यंत येता येता ‘सर्वांनी’वरचा जोर कमी झाला होता.

मी वही उघडली आणि कापण्याचा तो नियम खोडला.

रविवारी ते नऊ अठ्ठावन्नला आले. टोपी काढायच्या आत मी सांगून टाकलं. मला गोड करून सांगता येत नाही. "आबा, शेवटी तुम्ही जे पुकारत होता ते एकदाही बाहेर गेलेलं नाही. मी कापत होते. ऐकत नव्हते आणि कापत होते."

त्यांनी भिंतींच्या कागदाच्या गठ्ठ्यांकडे बोट केलं.

"म्हंजे सतरा येळा मी ह्यास्नी सांगितलं."

"हो."

"कागद काय बोलला न्हाय ते बराय." मग खुर्चीवर बसले. "मला वाटलं, ऐकून गप हाय. पयल्यागत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पेठेच्या संघाची अंतिम मॅच होती. चेंडू उंच आला, आबा घ्यायला पुढे आले. अशा वेळी गोलकीपरनं "सोड!" म्हणून ओरडायचं असतं, म्हणजे पुढचा बचावपटू, बॅक, बाजूला होतो. आबांच्या तोंडून आवाज फुटला नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. चार नंबरवाल्यानं उडी मारली, चेंडू त्याच्या डोक्याला लागून आपल्याच गोलमध्ये गेला. मॅच गेली. संध्याकाळी, संघ ज्या तालमीचा होता तिथं, सगळ्यांसमोर वस्तादांनी आबांना विचारलं, "आवाज दिला हुतास का?" आबा म्हणाले, "दिला हुता."

"चार नंबरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. ‘खोटं हाय’ म्हनला असता तर भांडलो असतो, मिटलं असतं. काय बोलला न्हाय. दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन, घडी घालून तालमीत ठिवली आन् गेला. पुना मैदानावर आला न्हाय. पेठ त्याला ‘आपला गोल’ म्हनून चिडवायची. पुढं त्याच्या घरच्यांनी तिथलं घरच सोडलं. कुठं गेलं कुनाला ठाऊक न्हाय. मी नोकरी धरली आन् हितं आलो."

"आणि पुकारायचं काम मिळालं."

"मागून घेतलं."

मी चहा सांगितला. कप आला, त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"चारचौघांत खोटं बोललो, ताई. खरं तेबी चारचौघांतच बोलाय पायजे. म्हनून फोन नको हुता."

"आबा, माझी चूक आहे. आजपासून कापणार नाही. दर रविवारी जाईल."

"न्हाय, न्हाय. मागचं धरायचं न्हाय. माईक बंद असताना पुकारलेलं लॉगला येत न्हाय. आता रीतीनं तीनदा."

त्या रविवारी पहिल्यांदा गेलं. खाली एकच प्रतिक्रिया आली: ‘भिगवण गाडी?’ पुढच्या रविवारी दुसऱ्यांदा गेलं. त्या आठवड्यात ऐकणाऱ्यांच्या गावांच्या यादीत एक नवीन ओळ दिसली. कोल्हापूर, पुढे आकडा एक. मी त्यांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"एकच?"

"एकच. कुणीही असू शकतं, आबा."

"कोल्हापुरात फुटबॉलचं येड किती लोकांना हाय, ठाऊक हाय का? ऐकायचंच झालं तर हजार ऐकतील. एकच ऐकतोय म्हंजे मुद्दाम ऐकतोय."

त्या दिवशी ते पाच मिनिटं जास्त बोलले आणि सगळ्या गाड्या सुखरूप गोलपर्यंत पोचवल्या. पण ‘प्रवास सुखाचा होवो’नंतर मला हाक आली.

"तिसरं राहिलं," मी म्हटलं.

"पुढच्या टायमाला."

पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. वहीत ‘तिसरी वेळ’ असं लिहिलेलं होतं आणि ते मी एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवत होते. चौथ्या खेपेला मी जरा चिडून म्हणाले, "आबा, एकदाचं करून टाका ना. माझी खूण राहतेय."

"ताई, तिसऱ्यांदा पुकारलं की दीड मिनिट. दीड मिनिटानं माईक बंद." टोपी घालता घालता ते दारात थांबले. "दोनदा पुकारलंय तवर खिडकी उघडी हाय. असू दे की उघडी थोडी."

मी वही मिटली. पुन्हा कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये ते गेले. सकाळी चहा मागितला आणि कप यायच्या आत संपलं, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. "सहा पन्नासला," ती म्हणाली. त्या घरात ‘सातच्या सुमाराला’ असं कुणी म्हणत नाही.

रविवार आला. दहा वाजले. मी सवयीनं आतली खोली झाडली, माईक लावला आणि बाहेर येऊन कागद मोजायला बसले. मोजणी दोनदा चुकली. स्टँडवर नवा कंट्रोलर बारामतीची गाडी पुकारत होता. निमगाव केतकी, शेळगाव, लासुर्णे. चांगला पुकारतो, स्वच्छ. त्याच्यावर माझा राग नाही. पण आबांच्या तोंडी ‘लासुर्णे’मधला ‘णे’ जरा लांबायचा, म्हणजे गाव अजून यायचंय असं वाटायचं. तो ऐकायला मी काय देईन, ते वहीत लिहिता येत नाही.

चौकशी खिडकीचे जुने भाग अजून ऐकले जातात. गाड्यांच्या वेळा बदलल्या तरी लोक ऐकतात. गावांच्या यादीत कोल्हापूरपुढे अजून एक आहे. दर महिन्याला मी बघते. दोन होत नाही, शून्य होत नाही. पुकारणं आहे ते एकोणिसावा आणि विसावा, या दोनच भागांत.

मी बरेच दिवस हिशेबी माणसासारखा विचार केला. तो एक जर तोच असेल, तर त्याला वाटत असणार की इकडे कुणीतरी अजून बसलेलं आहे. त्याला आपला नंबर चार आठवत असणार. तो जाऊ की नको असं करत असणार. आणि तिसऱ्यांदा पुकारलंच नाही तर तो घरीच बसून राहील. आबांना खिडकी उघडी ठेवायची होती, कारण आत ते होते. आता आत कोण आहे?

मग आठवलं: कोण, ते सांगायचं नाही. नियम त्यांचाच. आणि मराठीतही त्या वाक्याला कर्ता लागत नाही.

गेल्या रविवारी दहा वाजता मी दार ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर बसले. समोर कुणी नव्हतं, गठ्ठे होते. गाड्यांच्या वेळा सांगितल्या. फुटबॉल मला येत नाही, तसं सांगितलं. आपला प्रवास सुखाचा होवो, म्हटलं. नंतर पेठेचं नाव घेतलं, त्यांचं नाव घेतलं. जर्सी नंबर चार, बॅक, यांनी जिथं असतील तिथून इंदापूर स्टँडसमोर चौकशी खिडकीजवळ यावे. आपली वाट पाहत आहेत. त्या दिवशी आवाज दिला नव्हता. सर्वांनी नोंद घ्यावी.

वहीत ‘तिसरी वेळ’पुढे खूण केली आणि दुपारी भाग चढवला. तो अठ्ठावीस मिनिटांचा आहे. बोलणं साडेसव्वीस मिनिटांत संपतं. पुढे काही नाही. लांबून एक गाडी मागे घेतल्याचा आवाज, कागद मध्येच सरकल्याचा. कोल्हापूरहून यायला दीड मिनिट पुरत नाही, हे मला कळतं. ते मी कापलेलं नाही.